नाव घातलेली भांडी

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या मराठी घरांत मूल झालं, कोणी घर घेतलं किंवा कोणी वारलं, तर पहिला फोन कोणाला करायचा यावर दोन मतं असू शकतात. पण बॅग भरायची असली की फोन शैलजाकाकूंनाच जातो. गेली एकेचाळीस वर्षं हा रिवाज आहे, आणि तो मोडणाऱ्यांची नावं काकूंना पाठ आहेत.

काकूंची पद्धत ठरलेली. सोबत बॅग अडकवायच्या हुकाचा एक वजनकाटा आणायचा, पण तो शेवटी लावायचा. आधी बॅग दोन बोटांनी उचलायची आणि सांगायचं, "एक्कावन्न पौंड. एक काढ." मग काटा लावला की तो मुकाट एक्कावन्न दाखवायचा. काट्याचं काम काकूंच्या म्हणण्यावर सही करण्याचं. सगळं बसलं की मुठीला लाल रिबिन. विमानतळाच्या पट्ट्यावर सतरा काळ्या बॅगा एकसारख्या फिरत येतात, त्यातली ही आपली, हे लांबून कळलं पाहिजे.

या कामाचा मोबदला काकू घेत नसत. घेत काय, तर माहिती. माणूस तोंडाने खोटं बोलतो, बॅगेने बोलत नाही, हे त्यांचं शास्त्र. कोणाच्या बॅगेत सैल कुडते आले त्यावरून त्यांनी दोन बाळंतपणं ओळखली होती. चारुदत्त 'तीन आठवडे' म्हणून पुण्याला निघाला, तेव्हा त्याने स्क्रूड्रायव्हरचा सेट बरोबर घेतला. काकूंनी मनात लिहून ठेवलं, हा परत येत नाही. आला नाही. काकू आधी कोणाला काही सांगत नसत. नंतर सगळ्यांना सांगत.

त्यांचे यजमान मनोहर, भूल देणारे निवृत्त डॉक्टर, ऑक्टोबरपासून ओहायोत डब्लिनला होते, जयकडे, म्हणजे मुलाकडे. गेले होते दोन आठवड्यांसाठी, आता फेब्रुवारी लागला होता. "गुडघा हो," काकू सांगत, "जयकडे खालीच बेडरूम आहे, जिना नाही." लोक माना डोलवत. हल्ली तर कोणी विचारतही नसे. लोकांना पोच आली आहे, असा काकूंनी त्याचा अर्थ लावला होता.

त्या शनिवारी सकाळी दहाला त्या काटा आणि रिबिनीचं रीळ घेऊन सिद्धेशच्या टाउनहाउसवर पोचल्या, तेव्हा दार उघडलं ते त्याच्या मुलीने. उर्वी, वय वर्षं आठ. तिने काकूंकडे पाहिलं आणि आत ओरडून सांगितलं, "द वेट लेडी इज हिअर!"

"वजनवाली म्हण गं," काकू बूट काढत म्हणाल्या, "मराठीत अपमान निदान घरातला वाटतो."

सिद्धेशची हकिगत सगळ्या गावाला ठाऊक होती. डिसेंबरात त्याच्या कंपनीने टीममधला एक माणूस कमी करायचं ठरवलं. टीममध्ये मराठी दोन, सिद्धेश आणि संजीव. गेला सिद्धेश. त्याच्या व्हिसावर नोकरी गेली की दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात, नाहीतर देश सोडायचा. साठांतले एकोणचाळीस दिवस त्याने 'वुई विल गेट बॅक टू यू' वाचण्यात घालवले. चाळिसाव्या दिवशी हो म्हणाली ती एकच जागा: नेब्रास्काच्या पश्चिमेला, वाळूच्या टेकड्यांमधलं गुरांचं रँच. सहा हजार गाई, प्रत्येकीच्या कानात एक चिप, आणि त्या चिपांचं सॉफ्टवेअर सांभाळायला एक माणूस, जो तिथेच राहील. सगळ्यात जवळचं किराणा दुकान बासष्ट मैलांवर. वासरं जन्मायचा मोसम तोंडावर आला होता, म्हणून सोमवारी हजर व्हायचं होतं. कागदपत्रं त्या लोकांनी तातडीने केली होती, एवढंच काय ते नशीब.

"चारच महिन्यांचा प्रश्न आहे काकू," सिद्धेशने चहा पुढे करतानाच सांगितलं. "आत्ता मला सिंगल ट्रेलर देतायत, चाकांवरचं घर. जूनमध्ये उर्वीची शाळा संपली की फॅमिलीसाठी घर देणार. मागे अंगण आहे, घोडे आहेत. मालकीणबाईंनी फोटो पाठवलेत."

त्याने फोटो दाखवले. पांढरं लाकडी घर, मागे काहीच नाही. काहीच नाही म्हणजे आकाश संपेपर्यंत काही नाही.

"छान आहे," आसावरी म्हणाली. ही त्याची बायको. ती फोटोकडे न बघता म्हणाली, हे काकूंनी टिपलं. आसावरी एका विमा कंपनीत होती. तिचा स्वतःचा व्हिसा होता, स्वतःची नोकरी होती, आणि स्वयंपाकघरात कुठलं भांडं कुठल्या फळीवर याबद्दल स्वतःचे नियम होते. अशा बायका काकूंना आवडत, पण दुरून.

मालकीणबाईंनी यादीही पाठवली होती. जाड अस्तराचे ओव्हरऑल्स. बूट दोन जोड, एक शेणातला, एक घरातला. डोक्याला बांधायचा दिवा. चाकू. खाली लिहिलं होतं, बाकी काही राहिलं तर काळजी नको, आम्ही आहोत. ती शेवटची ओळ सिद्धेशने काकूंना दोनदा वाचून दाखवली.

"दोन बॅगा, पन्नास-पन्नास पौंड," काकूंनी पदर खोचून जाहीर केलं. "वर एक केबिन बॅग."

"काकू, मी कारने चाललोय."

"असू दे."

"म्हणजे वजनाची लिमिट नाहीये."

"लिमिट विमानाला नसते रे, माणसाला असते. पन्नासाच्या वर सामान लागलं की समजावं, माणूस काय लागतं ते विसरलाय. काढ बॅगा."

सिद्धेशने बॅगा काढल्या. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. सिद्धेशला होती, पण ती वापरायची त्याची छाती नव्हती.

साडेदहाला संजीव आला. अर्धा तास उशीर, हातात दोन वस्तू: एक कागदी पुठ्ठ्याची काउबॉय हॅट, लेकीच्या वाढदिवसातली उरलेली, आणि एक जाड जॅकेट, ज्याची चेन अर्ध्यावर अडकत होती. घरातली अडगळ निरोपाला देण्यात आपल्या लोकांचा हात कोणी धरणार नाही. काकूंनी दोन्ही वस्तू मनातल्या वहीत संजीवच्या नावावर चढवल्या आणि समोर तिसरा रकाना केला: चहा, दोन कप, साखर जास्त.

"काय यार काउबॉय!" संजीवने हॅट सिद्धेशच्या डोक्यावर दाबली. "सिक्स थाउजंड काऊज! सगळ्या तुला रिपोर्ट करणार."

"निदान त्यांच्यात लेऑफ नसतात," सिद्धेश हसत म्हणाला.

"असतात की. ऑक्टोबरात. कत्तलखान्याचा ट्रक येतो."

संजीव स्वतःच्या विनोदावर मनापासून हसला. सिद्धेशही हसला, हसल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, कारण हॅट अजून त्याच्या डोक्यावर होती.

"आणि पर्क्स सांग ना काकूंना. सांग, सांग."

सिद्धेशने हॅट काढली. "काही नाही काकू, तिकडे पद्धत आहे. पगाराशिवाय वर्षाला अर्धी गाय देतात. कापून, पॅक करून. फ्रीजर पण त्यांचाच."

"अर्धी?"

"हो. अर्धी दुसऱ्या कोणाला तरी जाते."

"म्हणजे गायसुद्धा अख्खी आली नाही तुझ्या वाट्याला," काकू म्हणाल्या. संजीवने टाळीसाठी हात पुढे केला. काकूंनी दिली नाही. त्या कोणाच्या टाळीसाठी बोलत नसत. पण वाक्य जमलं होतं. ते बुधवारच्या भजनात पुन्हा वापरता येण्यासारखं होतं.

मग त्या सामानाला लागल्या. आसावरीने सगळं आधीच जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवलं होतं, हे पाहून काकूंना बरं वाटलं आणि थोडं वाईटही. तयारी इतकी नेटकी असली की शिकवायला काही उरत नाही.

सामान चांगलं होतं. इथेच पहिला खडा दाताखाली आला. सामान फारच चांगलं होतं. नवी रजई, अजून कंपनीच्या पट्टीसकट. कुकर तीन लिटरचा, चांगला, शिट्टी न गळणारा. जुना, मुठीला सुतळी बांधलेला, ओट्यावरच होता. तवा नवा. काकूंचं याबाबतीत एक सूत्र होतं, आणि ते चाळीस वर्षांत चुकलं नव्हतं: चार महिन्यांसाठी जाणाऱ्याला घरातली बाई जुनं देते, मोडलं तर मोडलं म्हणून. नवंकोरं देते ते, ज्याला पुन्हा काही द्यायचं नसतं त्याला.

त्या काही बोलल्या नाहीत. कपडे भरले. मग हाताला लागला शाळेपासूनच्या प्रमाणपत्रांचा जाड फोल्डर. गाईंना दहावीची मार्कशीट दाखवायची होती काय? त्याखाली मऊ फडक्यात बांधलेला पितळेचा बाळकृष्ण.

"देव कशाला रे तिकडे?"

"आईने दिलेला आहे काकू. आसावरी म्हणाली, असू दे सोबतीला. शेवटी गाईंचाच देव आहे."

"ऑक्टोबरात त्याचं तोंड भिंतीकडे कर म्हणजे झालं."

आणि मग भांडी. सात-आठ स्टीलची भांडी एकात एक घालून ठेवलेली. काकूंनी ती सवयीने एकेक काढून मोजली. लग्नामुंजीत मिळालेलं भांडं म्हटलं की त्यावर नाव असायचंच. भांड्यांच्या दुकानातला माणूस यंत्राने टिकटिक करत ठिपक्यांची अक्षरं कोरून द्यायचा, कोणी दिलं, कोणाला दिलं, कधी दिलं. काकूंनी अंगठा फिरवला. *चि. सिद्धेश यास मुंजीनिमित्त, बापूकाका.* दुसरं. *चि. सिद्धेश यास, विमलमावशी, नागपूर.* तिसरं, चौथं. डबा: *कै. दादांच्या स्मरणार्थ.* दादा म्हणजे सिद्धेशचे आजोबा. पातेली, झाकणं, पळी. पळीवरसुद्धा नाव होतं.

काकूंचा अंगठा थांबला. त्यांनी सगळी भांडी पुन्हा एकदा वाचली, या वेळी सावकाश, गोड पदार्थ पुरवून खावा तशी. मग "एक डबा लागेल गं चिवड्याला," असं म्हणत उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

फळीवरची भांडी जागच्या जागी होती. *चि. सौ. कां. आसावरीस मामाकडून. सौ. आसावरी हिस, माईआजी. आसावरीस सप्रेम, सुमित्राआत्या.* एका ओळीत सगळं माहेर उभं. त्या अख्ख्या फळीवर सासरकडचं भांडं एकच होतं, एक लहान वाटी: *कु. उर्वी हिस बारशानिमित्त, नागपूरची आजी.* वाटी धुऊन पालथी घातलेली होती. सकाळी कोणीतरी त्यात दूध प्यालं होतं.

काकूंना कोडं सुटल्याचा आनंद झाला. खोटं कशाला बोला, फार आनंद झाला. चारुदत्ताचा स्क्रूड्रायव्हर याच्यापुढे काहीच नव्हता.

आसावरी मागे येऊन उभी राहिली होती.

"मोठी परात पण घाल की गं बॅगेत," काकू ती उचलत निरागसपणे म्हणाल्या. "एकट्याला कणीक मळायला बरी."

"ती राहू दे. जड होईल."

"आणि बापूकाकांचं पातेलं हलकं आहे?"

"ते त्याचं आहे काकू."

बाहेर संजीव उर्वीला गाईचा आवाज काढून दाखवत होता. आसावरीने स्वयंपाकघराचं सरकतं दार ओढून घेतलं.

"कळलं ना तुम्हाला," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं. म्हणून मी त्याला म्हणत होते, काकूंना त्रास नको देऊस, मी भरते."

"जून?"

"जून नाही आणि पुढचा जून पण नाही. सोमवारी सांगणार आहे. तो जॉइन झाला की. फोनवर."

"फोनवर!"

"आधी सांगितलं तर जायचा नाही तो. इथेच सोफ्यावर बसून राहील, पुढच्या शनिवारपर्यंत दिवस संपतील, मग नागपूर. एकदा जॉइन झाला की त्याचा व्हिसा सेफ. त्याच्यासाठीच करतेय मी."

हे वाक्य काकूंनी मनातल्या वहीत लिहिलं नाही. असली वाक्यं त्यांच्याकडे आधीच खूप जमली होती. माणूस दुसऱ्याचा गळा कापताना नेहमी त्याच्या शर्टाच्या कॉलरला जपत असतो.

एखादी बाई इथे आसावरीला चार शब्द सुनावती. एखादी रडती. शैलजाकाकूंनी परात खाली ठेवली आणि फळीकडे एका कसबी माणसाच्या नजरेने पाहिलं.

"अगं पण अशी भरतात का बॅग?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सगळी एका बाजूची! तिथे पोचून डबे उघडले की पहिल्याच दिवशी कळेल त्याला. तुझ्याकडचं एखादं घाल त्यात. मिसळलेलं असलं की नजर थांबत नाही." त्यांनी सुमित्राआत्यांचा डबा उचलला. "हा बरा. लहान आहे, गेला तरी हळहळ नाही."

आसावरी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"बाप रे काकू," ती म्हणाली. "हे कसं सुचतं तुम्हाला?"

"एकेचाळीस वर्षं झाली भरतेय."

"काकांची बॅग पण तुम्हीच भरली होती ना? ऑक्टोबरात?"

"मग काय जयच्या बायकोने?"

"नाही, सहज." आसावरीने उर्वीची वाटी उचलून पुसली, पुन्हा होती तशीच पालथी ठेवली. "तुमचं काय घातलं होतं त्यात?"

काकू आठवू लागल्या. ऑक्टोबरातली ती बॅग त्यांच्या डोळ्यांपुढे आली, आणि त्यांची स्मरणशक्ती, जिचा त्यांना एवढा गर्व, तिने एकही वस्तू गाळली नाही. दोन आठवड्यांसाठी निघालेल्या मनोहरांनी जुना स्टेथोस्कोप मागितला होता, पंच्याहत्तर साली घेतलेला. वडिलांचं घड्याळ मागितलं होतं, बंद पडलेलं. कॉलेजातल्या नाटकाचा फोटो, फ्रेमसकट. आणि स्वतःचं नाव घातलेलं फुलपात्र. "पाणी काय जयकडे मिळत नाही का हो?" असं म्हणून काकू रागावल्या होत्या, आणि मग फुलपात्रात मोजे कोंबून त्यांनी जागा वाचवली होती. काटा साडेएकोणपन्नासवर थांबला होता. केवढा आनंद झाला होता त्यांना.

"सगळ्यांना माहितीये काकू," आसावरी म्हणाली. आवाजात तिखटपणा नव्हता. तोच असता तर बरं झालं असतं. "डब्लिनला माझी मावसबहीण राहते. काकांनी तिथल्या लायब्ररीचं कार्ड काढलंय, सकाळी जिना चढून जातात वरच्या रीडिंग रूममध्ये. म्हणून तर कोणी विचारत नाही तुम्हाला."

काकू सुमित्राआत्यांचा डबा घेऊन बाहेर आल्या. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. त्यांनी डबा बाकीच्या भांड्यांत मिसळला, बॅगेत भांडी लावली, काटा अडकवला, आणि या वेळी आधी वजन सांगितलं नाही. काट्याने एकोणपन्नास दाखवलं.

"वा!" सिद्धेश म्हणाला. "मानलं काकू. जूनमध्ये या दोघी येतील ना, तेव्हा पण तुम्हीच यायचं. उर्वीची खेळणी तुमच्याशिवाय बसायची नाहीत."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. चांगला होता पोरगा. आजारपणात दोनदा सूप आणून दिलं होतं त्याने, आणि डबे परत नेताना आठवण करून द्यावी लागली नव्हती. वहीतल्या त्याच्या पानावर येणं काही नव्हतं. एवढ्यात चेन ओढून रिबिन बांधली असती तर तो रविवारी सकाळी गाणी लावून निघाला असता, साडेसातशे मैल जून-जून करत गेला असता, आणि सोमवारी त्याला जे कळायचं ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून, दुसऱ्या राज्यात कळलं असतं.

पण काकूंच्या आत काहीतरी ठसठसत होतं, आणि ते एकटीने सोसायची त्यांना सवय नव्हती.

"थांब," त्या म्हणाल्या. "दाखवल्याशिवाय मी बॅग बंद करत नाही." असा त्यांचा नियम कधीच नव्हता. "भांडी मोजून घे. नावं वाच, मोठ्याने. म्हणजे लक्षात राहतं कायकाय नेलं ते."

"काकू," दारातून आसावरी म्हणाली.

"रोल कॉल!" संजीव सोफ्यावरून ओरडला.

सिद्धेश उकिडवा बसला आणि वाचू लागला, हॅट पुन्हा डोक्यावर घालून, उर्वीला हसवण्यासाठी शाळेतल्या मास्तरांच्या आवाजात. "बापूकाका!" "प्रेझेंट!" उर्वी ओरडली. "विमलमावशी!" "प्रेझेंट!" "दादा!" "प्रेझेंट!" "आत्या... ही माझी आत्या... परत बापूकाका, अरे, किती दिलंय बापूकाकांनी..." पाचव्या भांड्याला आवाज मास्तरांचा राहिला नाही. सहाव्याला उर्वीने एकटीनेच 'प्रेझेंट' म्हटलं. सुमित्राआत्यांच्या डब्यावर तो अडला, तो उलटसुलट करून पाहिला, आणि नजर वर उचलून उघड्या दारातून स्वयंपाकघरातल्या फळीकडे पाहिलं. फळीवरची आसावरीच्या माहेरची नावं तिथून वाचता येत नव्हती, पण दहा वर्षं भांडी घासणाऱ्याला वाचायची गरज नव्हती.

"मामांची परात इथेच आहे," तो म्हणाला.

त्याची नजर फळीवरून पुढे सरकली.

"उर्वीची वाटी? आईने दिलेली?"

"ती उर्वीची आहे," आसावरी म्हणाली. "ती रोज पिते त्यात दूध."

"हो. मग जूनमध्ये आण."

हे त्याने विचारलं नाही, सांगितलंही नाही. नुसतं ठेवलं मध्ये. आसावरी त्याच्याकडे बघत राहिली आणि तिने 'आणते' म्हटलं नाही. एवढा एक शब्द होता. खोटा चालला असता.

"मी म्हटलं होतं तुला," सिद्धेश खालच्या आवाजात म्हणाला, "तुझ्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून राहतो वर्षभर. घर सांभाळतो. शोधेन काहीतरी."

"हो. आणि मी नाही म्हटलं होतं. पुढचं तेव्हाच विचारायचं होतंस."

संजीव उठला. "माझी गाडी मागे लावलीये वाटतं," तो खिसे चाचपत म्हणाला, "काढून घेतो. तुला... म्हणजे कोणाला निघायचं असेल तर." आणि गेला. जॅकेट मात्र ठेवून गेला.

सिद्धेशने हॅट काढून उर्वीच्या डोक्यावर ठेवली. सुमित्राआत्यांचा डबा उचलला आणि आसावरीच्या हातात दिला. "हा चुकून आला होता," तो म्हणाला. आसावरीने डबा घेतला. मग तो काकूंकडे वळला.

"काकू, आता वजन करा."

त्या क्षणी त्याने शिवी दिली असती तर काकूंनी ती जमा करून घेतली असती. पण त्याने वजन करा म्हटलं, आणि त्यांना करावं लागलं. त्यांनी काटा अडकवला, पण आकडा वाचला नाही.

"अठ्ठेचाळीस," त्या अंदाजाने म्हणाल्या.

"म्हणजे बसतंय."

तो त्याच दुपारी निघाला. उद्याची वाट बघण्यासारखं घरात काही उरलं नव्हतं. साठ दिवस भरत आलेल्या माणसाला रुसून बसायचीही सोय नसते. त्याचं सोमवारी सकाळचं ठिकाण ठरलेलं असतं. संजीवचं जॅकेट अंगात घालून त्याने चेन ओढली, ती अर्ध्यावर अडकली, तशीच ठेवली. काकू रिबिन घेऊन मागोमाग गाडीपर्यंत गेल्या.

"राहू द्या," तो म्हणाला. "तिथे कोणाची बॅग बदलणार आहे?"

"बाबा, आर द काऊज नाइस?" उर्वीने हॅटखालून विचारलं.

"सगळ्यांच्या कानात नंबर आहे बेटा. चांगल्या असतील."

गाडी वळून दिसेनाशी झाली. आसावरी ड्राइव्हवेवर तशीच उभी होती, हातात डबा.

"सोमवारपर्यंत थांबायचं होतं काकू," ती म्हणाली.

"मी कुठे काय बोलले? वाच म्हटलं फक्त."

"हो. फक्त."

"गेला ना शेवटी? तुला तेच हवं होतं."

आसावरी आत गेली आणि तिने दार लावलं. आपटलं नाही, लावलं. काट्याचं हूक काकूंच्या बोटात अडकलं होतं. ते सोडवायला त्यांना थोडा वेळ लागला.

घरी येऊन त्यांनी चहा टाकला आणि डब्लिनला फोन लावला. मनोहरांनी चौथ्या रिंगला उचलला.

"काय गं?"

"काही नाही. गुडघा कसा आहे?"

"आहे. ठणकतो अधूनमधून. जिना नाही इथे, त्यामुळे..."

"ते फुलपात्र वापरता का हो? नाव घातलेलं?"

पलीकडे जरा वेळ गेला. भूल देणारा माणूस. किती थांबायचं ते त्यांना कळत होतं.

"रोज," ते म्हणाले.

"बरं," म्हणून काकूंनी फोन ठेवला. चहा गाळला, प्यायल्या. मग माळ्यावरची दुसरी मोठी बॅग ओढून काढली आणि स्वयंपाकघराच्या फळीपुढे स्टूल घेऊन बसल्या. अंगठा फिरवत एकेक भांडं वाचू लागल्या. *चि. मनोहर यास.* हे इकडे. *सौ. शैलजास.* हे राहू दे. हात सराईत होता, तासाभरात काम झालं. मोठ्यात लहान, लहानात मोजे, मोज्यांत चमचे. दोन बोटांनी उचलून त्यांनी आकडा सांगितला, मोठ्याने, रिकाम्या स्वयंपाकघरात. "एकोणपन्नास." काट्याने एकोणपन्नासच दाखवलं.

रिबिनीचं रीळ शेजारी पडलं होतं. त्यांनी ते उचललं आणि खणात टाकून दिलं.